फरसबंदी द्रव्ये, पुनश्चक्रित

रस्त्याच्या थरांत एकदा वापरून झालेली खडी, बिट्युमेन, काँक्रीट इ. द्रव्ये, तसेच कारखाने, वीज केंद्रे व शहरे यांतून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारी, परंतु योग्य संस्कारांनंतर रस्त्याच्या बांधकामास उपयोगी पडणारी द्रव्ये यांना पुनश्चक्रित फरसबंदी द्रव्ये म्हणतात. पहिल्या वर्गात जुन्या डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यांतून काढलेला माल येतो. दुसऱ्या वर्गात निकामी टायरांचे रबर, टाकाऊ प्लॅस्टिक, औष्णिक वीज केंद्रांतील उडती राख, पोलाद कारखान्यांतील धातुमळी आणि पाडकामातील राडारोडा यांचा समावेश होतो.

या द्रव्यांच्या वापरामागे दोन हेतू असतात : नैसर्गिक साधनसामग्रीची बचत आणि टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट. हे दोन हेतू पुष्कळदा एकत्र साध्य होत असले, तरी ते एक नव्हेत. एखादे द्रव्य टाकाऊ आहे, एवढ्यावरून ते रस्त्यात घालण्यास पात्र ठरत नाही. वाहनांचा भार, ऊन व पाणी यांखाली ते नव्या द्रव्याइतके टिकेल, हे सिद्ध व्हावे लागते. रस्ता पाच वर्षे लवकर उखडला, तर वाचविलेल्या मालाहून अधिक माल त्याच्या दुरुस्तीस लागतो. म्हणून या विषयाचा इतिहास हा मुख्यत्वे अशी सिद्धता कशी मिळवावी, याचा इतिहास आहे.

फरसबंदीची रचना व द्रव्ये : लवचिक (डांबरी) फरसबंदीत दाबून घट्ट केलेल्या मातीच्या तळथरावर मुरूम वा बारीक खडीचा उपपाया, त्यावर खडीचा पाया आणि सर्वांत वर बिट्युमेनने बांधलेल्या खडीचे थर असतात. वरच्या थरांवर प्रतिबले सर्वाधिक असल्याने द्रव्याची गुणवत्ता खालून वर वाढत जाते. यामुळे पुनश्चक्रित द्रव्याची जागा कोणती, हा प्रश्न त्याच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो. पृष्ठथरात न चालणारे द्रव्य पायात उत्तम काम देऊ शकते.

डांबरी मिश्रणात वजनाने सु. ९५% खडी, कच व भरड पूड आणि सु. ५% बंधक असते. मराठीत ज्याला डांबर म्हणण्याचा प्रघात आहे, ते आजचे बंधक म्हणजे खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणारे बिट्युमेन होय. दगडी कोळशापासून मिळणारे खरे डांबर त्याहून वेगळे असून पूर्वी तेही रस्त्यांवर वापरीत. पुनश्चक्रणात हा फरक दुर्लक्षून चालत नाही. कोळशाच्या डांबरात कर्करोगास कारणीभूत होणारी बहुवलयी संयुगे विपुल असतात व तापविल्यावर ती वाफारूपाने बाहेर पडतात. युरोपातील अनेक देशांत जुन्या रस्त्याचा माल पुन्हा तापविण्यापूर्वी त्यात असे डांबर आहे काय, हे तपासतात.

आवश्यकता : डांबरी पृष्ठथराचे आयुष्य मर्यादित असते. तो झिजला वा तडकला की, त्याच्यावरच नवा थर चढविणे ही सर्वांत सोपी व म्हणून रूढ झालेली पद्धत होय. प्रत्येक नूतनीकरणात ५ सेंमी. जाडीचा थर चढविल्यास पाच नूतनीकरणांत रस्त्याची पातळी २५ सेंमी. वाढते. शहरांत याचा परिणाम उघड दिसतो : घरांची जोती व दुकानांचे उंबरठे रस्त्याखाली जातात, पदपथ बुजतात, पावसाचे पाणी गटारांऐवजी घरांकडे वळते, उड्डाणपुलांखालील मोकळी उंची घटते आणि पुलांवर अनावश्यक भार साचतो. जुना थर खरवडून काढल्यास पातळी कायम राहते. परंतु मग खरवडलेल्या मालाचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

या मालाचे परिमाण लहान नसते. ७ मी. रुंदीच्या दुपदरी रस्त्याचा ५ सेंमी. जाडीचा थर १ किमी. लांबीत काढल्यास सु. ३५० घ.मी., म्हणजे सु. ८०० टन माल निघतो. त्यात सु. ७६० टन उत्तम प्रतीची फोडलेली खडी व सु. ४० टन बिट्युमेन असते. तो फेकून देणे म्हणजे तेवढीच खडी डोंगरातून नव्याने फोडणे होय. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत खडीसाठी दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट उपलब्ध आहे. तो कठीण व टिकाऊ असतो. तथापि शहरांच्या भोवतालच्या टेकड्यांवरील खाणी, त्यांचे सुरुंग, धूळ व जड वाहतूक यांचा उपद्रव आसपासच्या गावांना सोसावा लागतो आणि फोडलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही. बिट्युमेनच्या बाबतीत भारत आपली खनिज तेलाची बहुतांश गरज आयातीने भागवितो.

इतिहास : जुन्या रस्त्याचा माल पुन्हा वापरण्याची कल्पना नवी नाही. स्कॉटिश रस्तेबांधणीतज्ञ जॉन लाउडन मॅकॲडॅम (१७५६–१८३६) यांची १८१६ मध्ये ब्रिस्टल येथे रस्त्यांचे सर्वेक्षक म्हणून नेमणूक झाली. नवा दगड आणण्याऐवजी जुन्या रस्त्यातील मोठाले दगड उकरावेत, ते ठरावीक आकाराचे फोडावेत व त्याच जागी पुन्हा पसरावेत, असा त्यांचा आग्रह होता. बहुतेक रस्त्यांत पुरेसा दगड अगोदरच आहे, फक्त तो योग्य आकाराचा व योग्य रीतीने बसविलेला नाही, हे त्यांचे निदान होते.

विसाव्या शतकात बिट्युमेन स्वस्त व विपुल झाल्याने ही दृष्टी मागे पडली. १९७३ मधील तेलसंकटाने बिट्युमेनच्या किंमती एकदम वाढल्या आणि जुन्या डांबरी थराकडे बंधकाचा साठा म्हणून पाहिले जाऊ लागले. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने १९७६ मध्ये डांबरी फरसबंदीच्या पुनश्चक्रणाचा प्रात्यक्षिक प्रकल्प हाती घेतला. त्याच सुमारास कठीण मिश्रधातूचे दाते बसविलेल्या फिरत्या दंडगोलाने थंड रस्ता हव्या त्या खोलीपर्यंत खरवडणारी यंत्रे प्रचारात आली. व्यवहारात या क्रियेला मिलिंग म्हणतात. या यंत्रांमुळे जुना माल एकसारख्या बारीक तुकड्यांच्या रूपात मिळू लागला व पुनश्चक्रणातील मोठी अडचण दूर झाली.

जुन्या डांबरी थराचे पुनश्चक्रण : खडी शतकानुशतके फारशी बदलत नाही, बदलते ते बिट्युमेन. मिश्रण करताना व त्यानंतर रस्त्यावर पडून असताना त्याचे ऑक्सिडीकरण होते, हलके तैल घटक कमी होतात आणि जड, ठिसूळ घटकांचे प्रमाण वाढते. २५° से. तापमानास १०० ग्रॅम भाराची प्रमाणित सुई ५ सेकंदांत बिट्युमेनमध्ये किती खोल शिरते, ते मिमी.च्या दशांशांत मोजणाऱ्या वेधन चाचणीत ताज्या बिट्युमेनचे मूल्य ५० ते १०० च्या दरम्यान असेल, तर जुन्या रस्त्यातील बिट्युमेनचे मूल्य २० च्या खाली उतरलेले आढळते. असे कडक बंधक जसेच्या तसे वापरल्यास चाकोऱ्या पडत नाहीत, परंतु थर लवकर तडकतो. म्हणून अधिक मऊ प्रतीचे नवे बिट्युमेन किंवा तैल घटकांची भरपाई करणारी पुनरुज्जीवक द्रव्ये मिसळून बंधकाचा मूळ पोत शक्य तितका परत आणतात. अमेरिकेतील प्रचलित नियमांनुसार जुन्या मालाचे प्रमाण सु. १५ टक्क्यांपर्यंत असेल, तर नव्या बिट्युमेनची प्रत बदलावी लागत नाही; १५ ते २५ टक्क्यांपर्यंत एक प्रत मऊ घेतात आणि त्यापुढे जुने बंधक वेगळे काढून त्याच्या श्यानतेवरून (दाटपणावरून) मिश्रणाचे गणित करतात.

पुनश्चक्रणाच्या चार मुख्य पद्धती आहेत. (१) संयंत्रातील उष्ण पद्धत : खरवडलेला माल चाळून, आकारानुसार वेगवेगळे ढीग करून साठवितात व नव्या तापलेल्या खडीबरोबर मिसळतात. आरंभीच्या काळात हा माल थेट ज्योतीसमोर येई व बिट्युमेन जळून दाट निळसर धूर निघे. त्यानंतर माल ज्योतीच्या मागे, दंडगोलाच्या मध्यभागातून आत सोडणे किंवा नवी खडी नेहमीपेक्षा अधिक तापवून तिच्या स्पर्शाने जुना माल तापविणे, हे उपाय रूढ झाले. जुन्या मालातील ओलावा इंधन खातो. यास्तव ढिगांवर छप्पर घालणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट संयंत्राच्या काटकसरीत मोठी भर घालते. (२) जागेवरील उष्ण पद्धत : यंत्रांच्या तांड्याने रस्ता तापवून वरचे काही सेंमी. सैल करतात, त्यात नवे द्रव्य मिसळतात व लगेच रूळ फिरवितात. (३) शीत पद्धत : माल न तापविता त्यात बिट्युमेनचे पायस किंवा फेसाळ बिट्युमेन मिसळतात. सु. १६०° ते १८०° से. तापमानाच्या बिट्युमेनमध्ये २ ते ३ टक्के पाणी सोडले की, त्याची वाफ होऊन बिट्युमेन अनेक पटींनी फुगते व थंड, ओल्या खडीवरही पसरू शकते. आयोवा येथील लॅडिस चॅन्यी यांनी १९५६ मध्ये वाफेच्या साहाय्याने हे साधले. १९६८ नंतर ऑस्ट्रेलियात वाफेऐवजी थंड पाणी वापरण्याची सुधारणा झाली व पद्धत सुटसुटीत बनली. (४) पूर्ण खोलीची पद्धत : पृष्ठथरासह पायाही उकरून जागेवर दळतात, त्यात सिमेंट, चुना वा बिट्युमेन मिसळतात व नवा मजबूत पाया तयार करतात. खालच्या थरांपर्यंत खराब झालेल्या ग्रामीण रस्त्यांना ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

अमेरिकेत डांबरी मिश्रणांत दरवर्षी सु. ९ कोटी टन जुना माल वापरला जातो. मिश्रणातील त्याचे सरासरी प्रमाण एक पंचमांशाहून किंचित अधिक आहे. खाणी व कचरा टाकण्याच्या जागा या दोहोंची टंचाई असलेल्या जपानमध्ये तयार होणाऱ्या डांबरी मिश्रणांपैकी सु. तीन चतुर्थांश मिश्रणे पुनश्चक्रित मालाची असतात.

टायरांचे रबर व मॅक्डॉनल्ड यांचे कार्य : बिट्युमेनमध्ये रबर मिसळण्याच्या पद्धतीचा विकास हे या क्षेत्रातील अभियंत्याच्या कार्याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फीनिक्स शहराच्या सेवेत असलेले द्रव्य-अभियंते चार्ल्स मॅक्डॉनल्ड यांच्यापुढे वाळवंटी हवामानातील रस्त्यांना पडणाऱ्या जाळीदार तड्यांचा प्रश्न होता. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी निकामी टायरांचे चूर्ण तप्त बिट्युमेनमध्ये मिसळून पाहिले. रबर बिट्युमेनमध्ये विरघळत नाही. ते त्यातील तैल घटक शोषून फुगते आणि एक दाट, लवचिक बंधक तयार होते. या क्रियेस सु. १७५° ते २००° से. तापमान व पाऊण ते एक तास एवढा अवधी लागतो. मिश्रणाचे हे मूळ तत्त्व ‘ओली पद्धत’ म्हणून ओळखले जाते व मॅक्डॉनल्ड यांच्या नावानेही प्रसिद्ध आहे.

त्यांच्या कामाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम त्यांनी केवळ तडकलेल्या जागी लहान ठिगळे लावली व ती वाहतुकीखाली कशी टिकतात, ते पाहिले. ती टिकल्यावर १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण पृष्ठावर रबरयुक्त बंधकाचा पातळ थर पसरून त्यावर खडी दाबण्याची पद्धत आली. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी हाच थर जुन्या व नव्या थरांच्या मध्ये घालून खालचे तडे वर येण्यास अटकाव करण्यात आला. पूर्ण जाडीच्या मिश्रणांत रबराचा वापर त्यानंतरचा आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या काही वर्षांच्या निरीक्षणावर उभी होती.

याच्या उलट अनुभव पुढे आला. टायरांचे डोंगर साचू लागल्याने अमेरिकेच्या संसदेने १९९१ च्या वाहतूक अधिनियमात राज्यांवर रबराच्या वापराची सक्ती केली. संघीय साह्याने होणाऱ्या डांबरी कामांपैकी १९९४ मध्ये ५ टक्के व १९९७ पर्यंत २० टक्के कामांत रबर वापरावे, असे ठरले. ॲरिझोनासारखा दीर्घ अनुभव व स्थानिक कुशलता बहुतेक राज्यांजवळ नव्हती. खर्च, यंत्रसामग्री व टिकाऊपणा यांविषयी तीव्र आक्षेप आले आणि १९९५ मध्ये ही सक्ती रद्द करण्यात आली. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा यांसारख्या राज्यांत मात्र पद्धत टिकून राहिली. द्रव्य तेच असूनही एके ठिकाणी यश व अन्यत्र विरोध, याचे कारण द्रव्यात नसून त्यामागील अनुभवाच्या साठ्यात होते.

प्लॅस्टिक : टाकाऊ प्लॅस्टिकच्या वापरात भारताचा वाटा मोठा आहे. मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या कोरड्या पद्धतीने २००२ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात रस्ता तयार करण्यात आला. या कार्याबद्दल त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. या पद्धतीत स्वच्छ व कोरड्या प्लॅस्टिकचे बारीक तुकडे सु. १६०° ते १७०° से. तापलेल्या खडीवर टाकतात. ते वितळून खडीवर पातळ लेप बसतो व नंतर बिट्युमेन मिसळतात. लेपामुळे खडीची सच्छिद्रता घटते आणि पाण्यामुळे बिट्युमेन खडीपासून सुटण्याची क्रिया मंदावते. पावसाळ्यातील खड्ड्यांचे हे एक प्रमुख कारण असल्याने या गुणाला महत्त्व आहे.

प्लॅस्टिकचे प्रमाण बिट्युमेनच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के ठेवतात. ३·७५ मी. रुंदीच्या एकपदरी रस्त्याचा २५ मिमी. जाडीचा थर १ किमी. लांबीत घालण्यास सु. २१५ टन मिश्रण व सु. ११ टन बिट्युमेन लागते. म्हणजे त्यात जास्तीत जास्त ९०० किग्रॅ.च्या आसपास प्लॅस्टिक खपते. पॉलिएथिलिनाच्या पिशव्या व वेष्टने यास योग्य आहेत. पॉलिव्हिनिल क्लोराइड मात्र पूर्णतः वर्ज्य आहे, कारण तापविल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. त्यामुळे वर्गीकरण न केलेला शहरी कचरा थेट वापरता येत नाही. तो वेचून, धुऊन, वाळवून वेगळा करणाऱ्या श्रमिकांचे काम हा या पद्धतीचा पाया आहे. भारतीय रस्ते परिषदेने २०१३ मध्ये या पद्धतीसाठी मार्गदर्शक संहिता प्रसिद्ध केली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये ५ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांभोवतीच्या ५० किमी. परिसरातील डांबरी कामांत तिचा वापर करण्याचे निर्देश दिले. झिजणाऱ्या पृष्ठातून प्लॅस्टिकचे सूक्ष्मकण माती व पाण्यात जातात काय, याविषयी संशोधन चालू आहे.

राख, धातुमळी व राडारोडा : कोळशाच्या धूम्रवायूतून पकडलेली उडती राख हलकी असून भरावासाठी मातीला पर्याय ठरते, चुना वा सिमेंटबरोबर तिचा कठीण थर बनतो. भारतीय रस्ते परिषदेने २००१ मध्ये राखेच्या भरावांसाठी मार्गदर्शक संहिता काढली. केंद्र शासनाच्या १९९९ च्या व नंतरच्या अधिसूचनांनी वीज केंद्रांच्या परिसरातील बांधकामांत तिचा वापर बंधनकारक केला. कोरडी राख वाऱ्याने उडते व पावसाने वाहते, म्हणून भरावाच्या बाजू मातीच्या आच्छादनाने झाकाव्या लागतात.

पोलादाची धातुमळी बेसाल्टाहून जड, खडबडीत व कठीण असते आणि तिच्यामुळे पृष्ठथराला चांगली पकड मिळते. तिच्यातील मुक्त चुना पाणी शोषून फुगतो, हा तिचा दोष होय. ताजी धातुमळी घातल्यास थर उचलला जाऊन फुटतो. तिच्यावर पाणी मारून ती काही महिने उघड्यावर मुरवितात किंवा वाफेने लवकर मुरवून घेतात व प्रसरण मर्यादेत आल्यावरच वापरतात. गुजरातमधील हजीरा येथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सु. १ लाख टन संस्कारित धातुमळी वापरून बांधलेला सहापदरी रस्ता २०२२ मध्ये खुला झाला. महाराष्ट्रात मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या पनवेल–इंदापूर भागात रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील पोलाद कारखान्याची धातुमळी वापरलेल्या पट्ट्याचे २०२४ मध्ये उद्‌घाटन झाले.

पाडकामातील काँक्रीट फोडून मिळणाऱ्या खडीला जुने सिमेंट चिकटलेले असते. त्यामुळे ती अधिक पाणी शोषते व झिजेला कमी पडते. उपपाया व पाया यांत ती बिनदिक्कत चालते. २०१६ च्या भारतीय मानकाने साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत व दुबळ्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये संपूर्णतः अशी खडी वापरण्यास मुभा दिली. विटांचे तुकडे, लाकूड व जिप्सम वेगळे काढणे ही यातील मुख्य अट आहे.

चाचण्या व अभियंत्याचे कार्य : या क्षेत्रातील अभियंता सामान्यतः स्थापत्य अभियांत्रिकीच्या शिक्षणानंतर रस्ते व वाहतूक या विषयात विशेष शिक्षण घेतो. प्रयोगशाळा, मिश्रण संयंत्र व प्रत्यक्ष रस्ता अशा तीन ठिकाणी त्याचे काम चालते. प्रयोगशाळेत विद्रावकाने जुने बिट्युमेन खडीपासून वेगळे करून त्याचे प्रमाण, वेधन, मृदुभवन बिंदू व श्यानता मोजतात आणि खडीच्या आकारांची प्रतवारी करतात. बिट्युमेनचे वय कृत्रिमपणे वाढविण्यासाठी त्याचा पातळ थर १६३° से. तापमानास सु. ८५ मिनिटे हवेच्या झोतात फिरवितात. ही मिश्रण करतानाच्या जरणाची नक्कल होय. त्यानंतर दाबाखालील पात्रात २० तास ठेवून रस्त्यावरील काही वर्षांच्या जरणाची नक्कल करतात. मिश्रणाच्या लाद्यांवर चाक फिरवून चाकोऱ्यांची खोली मोजतात. पाण्यात भिजवलेल्या व कोरड्या नमुन्यांच्या ताणबलांची तुलना करतात. भिजलेल्या नमुन्याचे बल कोरड्याच्या किमान ८० टक्के राहावे, अशी अट सामान्यतः घालतात.

एवढ्या चाचण्यांनंतरही अंतिम निर्णय रस्त्यावरच होतो. पुनश्चक्रित द्रव्याच्या चाचणी पट्ट्याशेजारी नेहमीच्या द्रव्याचा तेवढाच पट्टा बांधतात. दोन्हींवरील वाहतूक, निचरा व तळथर सारखे असल्यासच तुलना ग्राह्य ठरते. तडे, चाकोऱ्या, पृष्ठाचा खडबडीतपणा व थरांचे भाराखालील वाकणे यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवाव्या लागतात. येथे एक मूलभूत अडचण आहे. चांगल्या पृष्ठथराचे आयुष्य आठ–दहा वर्षांचे व पायाचे त्याहून अधिक असते. महाराष्ट्रात शासकीय सेवेतील एका पदावरील सर्वसाधारण पदावधी मात्र तीन वर्षांचा आहे. ज्याने पट्टा बांधला, तो त्याचा निकाल लागेपर्यंत त्या जागी क्वचितच असतो. नोंदवही पुढील अधिकाऱ्याच्या हाती गेली नाही, तर प्रयोग यशस्वी झाला तरी त्याचे ज्ञान नष्ट होते व अपयशी झाला तर तीच चूक दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा घडते. म्हणून कोणत्या ढिगातील माल, कोणत्या तापमानास, किती प्रमाणात व कोणत्या ठिकाणी घातला, याची नोंद हा या बांधकामाचा अविभाज्य भाग समजला जातो.

भारतातील स्थिती : मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीने रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी, तांत्रिक विचारविनिमयाची संस्था व संशोधन यांची निकड मांडली. त्यातून पुढे भारतीय रस्ते परिषद (१९३४) व केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (१९५२) या संस्था उभ्या राहिल्या. पुनश्चक्रणाची आजची मानके मुख्यत्वे या दोन संस्थांच्या कार्यावर आधारलेली आहेत. जुन्या डांबरी थरांच्या पुनश्चक्रणासाठी परिषदेने २०१५ मध्ये स्वतंत्र संहिता प्रसिद्ध केली. उत्तर प्रदेशात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सिमेंटच्या साहाय्याने पूर्ण खोलीच्या पुनश्चक्रणाचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करण्यात आला.

तथापि देशातील बहुतेक शहरांत खरवडलेला माल अजूनही सखल जागा बुजविण्यास, कच्च्या रस्त्यांवर वा बाजूपट्ट्यांवर पसरण्यास जातो. यात खडीचा उपयोग होतो, पण बिट्युमेनचा होत नाही. त्याच्या पूर्ण उपयोगास तीन गोष्टी लागतात : निघालेला माल रस्त्यानुसार वेगळा साठविणे, जुना माल स्वीकारू शकणारी संयंत्रे आणि निविदांत कामाच्या किंमतीबरोबर त्याच्या टिकाऊपणाचीही मोजदाद करणारी अट. पहिल्या दोन गोष्टी भांडवलाने साध्य होतात. तिसरीसाठी मागील रस्ते किती टिकले, याची विश्वसनीय माहिती हाताशी असावी लागते.